अळंबी कशात मोडते?

बोरमळ्याच्या ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या बानू मॅडम दमल्या होत्या. एका दिवसाचं दमणं नव्हतं ते. वर्षानुवर्षं साचत आलेलं होतं. रोज सकाळी दौंडहून चौफुल्यापर्यंत एक गाडी, चौफुल्याला ताटकळून शिरूरकडची दुसरी, मग फाट्यावर उतरून ओढ्याकडेनं कॉलेजपर्यंत पायी. संध्याकाळी तेच उलटं. एसटी आली तर आली, नाहीतर वडापची जीप. वडापवाला बाईमाणूस बघून पुढं बसवतो खरा, पण मग गिअरची दांडी सारखी गुडघ्याला लागते. बरोबरचे मास्तर कुणी पुण्याला गेले, कुणी क्लास काढून गाड्या घेतल्या. बानू मॅडम तिथंच. मस्टरवर सही करायची, डस्टर झटकायचा आणि पोरांकडं तोंड करायचं.

त्यांचे यजमान इक्बालभाई दौंडच्या रेल्वेतून रिटायर झालेले. दिवसभर गुडघ्याला तेल चोळत बसायचे आणि बायको घरी आली की म्हणायचे, "सोड आता." सोडायला काय जातंय? घरात दोन दुखरे गुडघे आहेतच, चार झाले असते.

बानू मॅडम मूळच्या घोडनदीच्या, म्हणजे शिरूरच्या. वडील शिकलगार, बाजाराच्या दिवशी सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचे. पोरगी अभ्यासात हुशार निघाली, कॉलेजात गेली आणि तिथं एका मॅडमनी तिला सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा दाखवला. विटांची भिंत रचावी तशा पेशी बघून ती पोरगी तासभर तिथून हलली नाही. त्या दिवसापासून तिला जीवशास्त्राचं वेड लागलं. पुण्यात जाऊन एमएस्सी केलं. पुढं लग्न झालं ते दौंडच्या मुलाण्यांच्या घरात, आणि इथूनच आपल्या गोष्टीला गाठ बसते.

मुलाणी म्हणजे काय, हे गावच्या माणसाला सांगावं लागत नाही, पण शहरात हल्ली काही कळेनासं झालंय म्हणून सांगतो. जत्रा असो, नवस असो, बोकड कापायचा म्हटलं की मुलाण्याला निरोप जातो. घर कुणाचंही असो, सुरी मुलाण्याची. त्यानं बिस्मिल्ला म्हणून सुरी चालवायची, आपला वाटा घ्यायचा आणि मग बायकांनी चुलीवर पातेलं चढवायचं. बापजाद्यांपासून हेच चालत आलंय. बानू मॅडमचे सासरे या कामाला दौंडपासून बोरमळ्यापर्यंत गावोगाव जायचे. त्यांना सगळे मुलाणी मामा म्हणत. बानू मॅडम नोकरीच्या मुलाखतीला आल्या तेव्हा संस्थेचे अध्यक्ष हौसराव आप्पांनी डिग्रीच्या कागदांकडं बघितलंसुद्धा नाही. "मुलाणी मामांची सून व्हय? मग घरच्याच की!" म्हणाले, आणि नोकरी लागली. त्या दिवशी बानू मॅडमना आनंद झाला होता आणि जरा टोचलंही होतं. कागद तरी बघायचे होते की त्यांनी!

हौसराव आप्पा म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. ऊस, डेअरी, सोसायटी, सगळीकडं त्यांचा शब्द. एकेकाळी जत्रेला पहिलं ताट त्यांचं असायचं आणि नळ्या फोडण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण बायपास झाली, गळ्यात माळ आली आणि आप्पा असे पालटले, की अंड्याचा वास आला तरी रस्ता बदलायचे.

आणि मुक्ताबाई. ह्या बाईनं अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या रानात कांदे खुरपण्यात घालवलं. नवरा गेला, मग कंबर गेली. वाकायचं म्हटलं की डोळ्यांत पाणी. त्यांची रश्मी कॉलेजात आली तेव्हा फीचं काही होईल का विचारायला त्या बानू मॅडमकडं आल्या आणि प्रयोगशाळेत टांगलेली अळंबीची पिशवी बघून तिथंच उभ्या राहिल्या. "हे उभ्यानं करता येतं व्हय?" एवढंच त्यांनी विचारलं. बानू मॅडमनी मग पुण्याहून बी आणून दिलं, गव्हाचं काड कसं भिजवायचं, कसं उकडायचं, पिशव्या कशा भरून टांगायच्या, सगळं शिकवलं. मुक्ताबाईंनी पत्र्याची शेड घातली, गोणपाटं लावली, आणखी दोघी बायकांना हाताशी धरलं. शिरूरचे दोन-तीन ढाबे, एक कंपनीचं कँटीन आणि हौस म्हणून खाणारं गाव, एवढ्यावर बाईचं बरं चाललं होतं. बानू मॅडमच्या सगळ्या नोकरीत, खरं सांगायचं तर, डोळ्यांना दिसेल असं काही उभं राहिलं असेल तर ती ही शेड.

त्या श्रावणात गावचा सप्ता बसला. शेवटच्या दिवसाचा काला गावाचा, आदल्या दिवसाची पंगत हौसराव आप्पांची. आप्पांच्या मुलानं, रविराजनं टूम काढली, की पनीर काय सगळेच करतात, आपण मशरूम करू. आप्पा हो म्हणाले. मुक्ताबाईंना आयुष्यातली सगळ्यांत मोठी ऑर्डर मिळाली. त्यांनी शेड पिशव्यांनी गच्च भरली आणि पंगतीच्या हिशेबानं अळंबी वेळेवर फुटायलाही लागली.

इकडं अकरावीला नेमका त्याच दिवसांत वर्गीकरणाचा धडा आला. हा धडा बानू मॅडम झोपेतही शिकवू शकल्या असत्या, आणि अलीकडं त्या तो जवळजवळ झोपेतच शिकवत. आधी माणसानं सजीवांच्या दोनच वाटण्या केल्या. हिंडतं ते प्राणी, जागेवर उभं ते वनस्पती. मग सूक्ष्मदर्शक आला आणि वाटणीत भांडण लागलं. दह्यातले जिवाणू कुणाच्या वाट्याला घालायचे? अमिबाचं काय करायचं? होता होता पाच सृष्टी झाल्या. ज्यांच्या पेशीत नीट केंद्रकसुद्धा नाही ते मोनेरा. केंद्रक आहे पण बहुतेकांचा संसार एकाच पेशीचा, ते प्रोटिस्टा. बुरशी, यीस्ट, अळंबी ही कवके. मग वनस्पती, मग प्राणी. पुढं शास्त्रज्ञांनी पेशीच्या आतलं वाचून त्याच्याही वर तीन मोठ्या शाखा सांगितल्या.

पण त्या दिवशी मॅडमना काय झालं कुणास ठाऊक, अंगात जरा जीव आला. गाडीत बसायला जागा मिळाली असेल. त्यांनी येताना मुक्ताबाईंकडून एक अळंबी आणली होती. ती वर्गात मोडून दाखवली.

"यात हरितद्रव्य दिसतंय? नाही. ही स्वतःचं अन्न स्वतः बनवत नाही, काडावर वाढते, काडच खाते. आणि हिच्या पेशीला जी भिंत असते ना, तिच्यात कायटिन असतं. खेकड्याच्या पाठीत असतं तेच. म्हणून हिला आता वनस्पतींत धरत नाहीत. नातं बघायला गेलात तर ही झाडापेक्षा प्राण्यांना जवळची."

पोरं पहिल्यांदाच टक लावून ऐकत होती. बानू मॅडमना बरं वाटलं. त्या संध्याकाळी त्या घरी जाऊन इक्बालभाईंशी दोन शब्द हसून बोलल्यासुद्धा.

वर्गात पहिल्या बाकावर हौसराव आप्पांची नात सुलक्षणा बसायची. गुणी पोर. रात्री जेवताना तिनं आज काय शिकलो ते सांगितलं. आप्पांच्या हातातला घास हातातच राहिला.

मग काय विचारता! गावची तोंडं कोण धरणार? सकाळी डेअरीवर दूध घालायला आलेल्यांत बातमी पसरली, तोवर अळंबीत खेकडा शिरला होता. कुणी म्हणालं तिला रगत असतं, कुणी म्हणालं रात्रीची ती हलते. आणि ह्या सगळ्यावर शिक्का कसला? "मुलाणी मॅडम म्हणल्यात." शास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, असं कुणीच म्हणेना. एक म्हातारा तर म्हणाला, "मटण कशाला म्हणायचं हे मुलाण्याला न्हाई कळायचं तर काय आपल्याला कळायचं?" आणि सगळ्यांना ते पटलं. पिढ्यान् पिढ्या ज्या घराला बोलावल्याशिवाय मटण झालं नाही, त्या घरची सून सांगतेय म्हटल्यावर संपलंच की. मुलाण्यानं निकाल दिला, अळंबी मटणात गेली.

दुपारच्या सुट्टीत मुक्ताबाई कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर सारखा निसटत होता आणि त्या सारख्या तो ओढत होत्या.

"मॅडम, काय केलंत वो हे?"

"काय झालं मुक्ताबाई?"

"माझी अळंबी मटणात घातली तुम्ही. आन् ती बी श्रावणात! आप्पांनी पंगतीतनं काढली. गावात आता कुणी दारात उभं ऱ्हाईना. ढाबेवाल्याचा बी फोन आला, गिऱ्हाईक इचारतंय म्हणं."

"अहो, मी मटण कुठं म्हटलं? मी म्हटलं ती वनस्पती नाही."

"भाजी न्हाई तर मग ऱ्हायलं काय?"

"तिसरं असतं मुक्ताबाई. वेगळंच असतं."

"गावात तिसरं न्हाई मॅडम," मुक्ताबाई म्हणाल्या. "गावात दोनच."

शेडमध्ये फुटलेली अळंबी आज-उद्या काढलीच पाहिजे, काढली की दोन दिवसांत काळी पडते. वाळवून ठेवता येते, पण वाळलेलीला इकडं कोण विचारतं? पुन्हा पिशव्या भरायच्या तर काड आणि बी कुठून आणायचं? शेड बंद पडली, की ह्या बाईला परत खुरपं हातात घ्यावं लागणार, आणि ते तर तिला जमणारच नव्हतं. आपण हातानं उभं केलं आणि तोंडानं पाडलं, असं बानू मॅडमना वाटलं.

प्राचार्यांनी बोलावून घेतलं. ते मराठीचे, त्यांना ह्या भानगडीत मुळीच पडायचं नव्हतं.

"मॅडम, उद्या प्रार्थनेला उभं राहून सांगून टाका, अळंबी वनस्पती आहे. विषय मिटला."

"आणि सर, पोरांनी पेपरात तेच लिहिलं तर मार्क देऊ का?"

"पेपर अजून लांब आहे हो. पंगत परवा आहे!"

घरी इक्बालभाईंचंही तेच. ते दौंडच्या मोहल्ल्यातल्या बोलीत म्हणाले, "बोल दे ना भाजी है करके. तेरा क्या जाता?"

"माझं जातं," त्या म्हणाल्या.

"क्या जाता?"

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. खोटं सांगावं तर आजवर जे शिकवलं त्यावर बोळा फिरणार, आणि खरं धरून बसावं तर मुक्ताबाई उघड्यावर. त्यांना सगळ्यांचाच राग आला. आप्पांचा, त्या गुणी पोरीचा, स्वतःचा, आणि त्या मेल्या अळंबीचासुद्धा. झाड व्हायचं होतं की सरळ, काय बिघडलं असतं!

शनिवारी अर्धी शाळा. बानू मॅडम चालत आप्पांच्या घरी गेल्या. आप्पा ओसरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेले, आत रविराज तोंड पाडून. सुलक्षणानं पाणी आणून दिलं आणि ती दाराआड जाऊन उभी राहिली.

"बसा मॅडम. दमलाय."

बानू मॅडमनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. दोन वाटण्या, पाच वाटण्या, कायटिन, खेकडा. खेकड्याची पाठ आणि अळंबी यांच्यात एक पदार्थ सारखा म्हणून अळंबी काही खेकडा होत नाही. शास्त्रज्ञ वाटण्या करतात त्या कोण कुणाच्या वंशातला हे शोधायला. कुणी काय खावं हे ठरवायला नाही. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस गडबडीचा नव्हता तो.

"मॅडम, तुमचे शास्त्रज्ञ आधी म्हणत हुते झाडात. मग म्हणले येगळी. उद्या आणिक कायतरी म्हणतील. आमच्या भावकीत बी असंच हाय, मोजणीदार नवा आला की बांध सरकतोय. त्यांचं त्यांना ऱ्हाऊ द्या. माझ्या गळ्यात माळ हाय, पंगतीला शेकड्यानं माळकरी बसणार. मी तुमाला येगळंच इचारतो."

"विचारा आप्पा."

"ह्याला मुलाणी लागतो का?"

बानू मॅडमनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"तुमचे सासरे असते तर त्यांनाच इचारलं असतं," आप्पा म्हणाले. "आता ते न्हाईत. त्या घरातलं माणूस म्हणून तुमाला इचारतो. मेथीला आमी मुलाणी बोलवत न्हाई. बोकडाला बोलवतो, कोंबड्याला बोलवतो. ह्याला लागतो का?"

बानू मॅडमनी आयुष्यात कधी कोंबडीसुद्धा कापली नव्हती. कॉलेजात बेडूक चिरायचा होता, तोही शेजारच्या मुलीनं चिरून दिला होता. आणि आता बोरमळ्याच्या ओसरीत बसून त्यांना निकाल द्यायचा होता, तो शिकल्या-सवरल्या म्हणून नव्हे, तर आडनावाच्या जोरावर. वाईट वाटलं त्यांना. फार वाईट वाटलं. इतकी वर्षं एसटीचे दांडे धरून येण्यात गेली, त्या सगळ्या येण्याची ही किंमत? पण प्रश्न चोख होता, हेही त्यांना दिसत होतं. आप्पा चेष्टा करत नव्हते. त्यांना माळही सांभाळायची होती आणि मुक्ताबाईला दिलेला शब्दही. आणि त्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला कुठंच खोटं बोलावं लागत नव्हतं.

"नाही आप्पा," त्या म्हणाल्या. "अळंबीला मुलाणी लागत नाही."

"बास!" आप्पांनी मांडीवर थाप मारली. "रव्या, मुक्ताबाईला फोन लाव. म्हणावं माल काढ."

बाहेर पडून बानू मॅडम फाट्याकडं चालू लागल्या. मुक्ताबाई शेडवरून धावत आल्या, त्यांचे दोन्ही हात धरले आणि रडल्या. त्या हातांना काडाचा ओला वास येत होता. बानू मॅडमनाही रडू आलं. ते मुक्ताबाईंसाठी होतं की स्वतःसाठी, ते त्यांनी बघितलं नाही. गाडी आली, त्या चढल्या.

पंगत झोकात झाली. लोकांनी मशरूम पुन्हा पुन्हा मागून घेतलं. ढाबेवाल्यांचे फोन परत सुरू झाले. गावात आता नवं चाललं होतं, की मुलाणी मॅडमनी स्वतः येऊन आप्पांना सांगितलं, चूक झाली म्हणून. चूक झाली असं त्या म्हणाल्याच नव्हत्या, पण ते कुणाला जाऊन सांगायचं?

काला झाल्यावर मंगळवारी वर्गात त्यांनी मागचा धडा विचारायला घेतला. पाच सृष्टी कोणत्या, मोनेरा म्हणजे काय, सगळी उत्तरं बरी आली. मग त्यांनी विचारलं, "अळंबी कशात मोडते?"

"वनस्पती!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

"कोण म्हणालं?"

"तुमीच की मॅडम," मागून कुणीतरी म्हणालं. "आप्पांना सांगितलं ना तुमी? भाजीत हाय म्हणून."

पोरं खूश होऊन बघत होती, ह्या खेपेला तरी आपलं बरोबर म्हणून. तिसऱ्या बाकावर मुक्ताबाईंची रश्मी खाली मान घालून बसली होती. शेडमध्ये पुढच्या पिशव्या कालच भरून झाल्या होत्या, हे बानू मॅडमना माहीत होतं. रश्मीनंच सकाळी फाट्यावर सांगितलं होतं. त्यांनी खडू घेतला. मग फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: कवके.

"वनस्पती नाही," त्या म्हणाल्या. "प्राणीही नाही. अळंबी कवकांत मोडते. ती वेगळीच सृष्टी आहे. मी आधी सांगितलं तेच बरोबर आहे."

रश्मीनं मान वर केली आणि त्यांच्याकडं बघितलं. तिचा चेहरा असा झाला होता की बानू मॅडमना तिकडं बघवेना. त्या फळ्याकडं वळल्या, पुन्हा पोरांकडं वळल्या.

"हे पेपरात असंच लिहायचं," त्या म्हणाल्या. "पण घरी बोलायचं नाही. कुणीच नाही. कळलं?"

आजवर त्यांनी पोरांना किती काय काय सांगितलं असेल, पण शिकलेलं घरी सांगू नका, असं त्या पहिल्यांदाच म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांना इतकी लाज वाटली की त्या खुर्चीवर बसल्या. पोरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मॅडम सांगतात ते लिहायचं, एवढंच त्यांना ठाऊक. सुलक्षणानं शहाण्यासारखी मान हलवली, वहीत कवके असं लिहिलं, त्याखाली लिहिलं, घरी बोलायचं नाही, आणि पट्टी घेऊन दोन्हीखाली रेघ मारली.